हार्ड डिस्कची हेड्स कशी जपायची? हादरे, आदळणं आणि अचानक गेलेली वीज

पारसिक

एसएसडी (फिरते भाग नसलेल्या डिस्क) आल्या तरी हार्ड डिस्क ठाणे-नवी मुंबईतून हद्दपार झालेली नाही. सोसायटीच्या गेटवरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा), लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा साठा, सीएच्या ऑफिसातला नॅस (नेटवर्कवरचा सामाईक साठा), घरातली दोन-चार टेराबाइटची पोर्टेबल डिस्क, सगळीकडे अजून प्लॅटर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या तबकड्या, फिरताहेत. यातल्या कितीतरी डिस्क म्हाताऱ्या होऊन नाही, तर चुकीच्या हाताळणीने जातात. म्हणून हा धागा.

आधी आत काय चालतं ते बघू. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या (७२०० आरपीएम) साडेतीन इंची डिस्कमध्ये प्लॅटरची बाहेरची कड ताशी जवळजवळ १३० किलोमीटर वेगाने फिरत असते. त्या वेगाने प्लॅटरलगतची हवा ओढली जाते आणि हेडचा (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा) स्लायडर, म्हणजे हेड ज्यावर बसवलेलं असतं तो तुकडा, तिच्यावर तरंगतो. स्लायडर आणि प्लॅटर यांच्यात साधारण १० नॅनोमीटर अंतर असतं. वाचताना-लिहिताना हेडमधला बारीक हीटर टोक किंचित फुगवतो, तेव्हा ते एक-दोन नॅनोमीटरवर येतं. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. प्लॅटरवर संरक्षण म्हणून दोन-तीन नॅनोमीटर कार्बनचा थर आणि त्यावर साधारण एक नॅनोमीटर वंगण, बस्स.

हादरा बसला की हेड उचललं जातं आणि परत प्लॅटरवर आपटतं. एकदा आपटून सगळा डेटा जातोच असं नाही. खरा धोका त्यातून सुटणाऱ्या कणांचा असतो. स्लायडरचा कोपरा कार्बनच्या थराला लागला की कण सुटतात, ते हेडखाली येतात, हेड पुन्हा घासतं, आणखी कण सुटतात. म्हणूनच पडलेली डिस्क आज चालते आणि आठवड्याने टकटक करायला लागते.

बचावाची मुख्य गोष्ट एकच: हलवण्याआधी हेड प्लॅटरवरून खाली उतरलेलं हवं. आजच्या डिस्कमध्ये प्लॅटरच्या बाहेरच्या कडेला प्लॅस्टिकचा रॅम्प असतो आणि पार्क झालेलं हेड त्यावर चढून बसतं. जुन्या साडेतीन इंची डिस्कमध्ये (ढोबळमानाने २०१० च्या आधीच्या बऱ्याच) रॅम्प नाही. त्यात हेड आतल्या बाजूच्या राखीव पट्ट्यावर प्लॅटरलाच टेकून बसतं. अशी डिस्क बंद असतानाही आपटली तर हेड प्लॅटरवरच थडकतं. जुनी डिस्क हाताळताना हे ध्यानात ठेवा.

कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आकडे साधारण असे असतात. साडेतीन इंची डिस्क चालू असताना २ मिलिसेकंदांचा ७०-८० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ७०-८० पट) हादरा सोसते, बंद असताना २५० ते ३५० जी. अडीच इंची लॅपटॉप डिस्क चालू असताना ३५०-४०० जी, बंद असताना १ मिलिसेकंदाचा १००० जी. चालू आणि बंद यांतली तफावत बघा. पोर्टेबल डिस्क इजेक्ट केली की केबल लगेच ओढू नका. बोट ठेवून बघा, थरथर थांबली की मगच उचला. लिनक्सवर युडिस्क्सच्या पॉवर-ऑफ आज्ञेने डिस्क खरोखर थांबते, नुसत्या अनमाउंटने थांबत नाही.

सानपाडा१९

धागा उत्तम. एक शंका. १००० जी ऐकायला प्रचंड वाटतं. मग टेबलावरून पडलेली बंद पोर्टेबल डिस्क कशी काय मरते?

उपवन

हिशेब सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, म्हणजे सरासरी जी. कमाल हादरा साधारण त्याच्या दुप्पट धरा.

७५ सेंटिमीटरच्या टेबलावरून डिस्क व्हिट्रिफाइड टाइलवर पडली. टाइल दबत नाही, प्लॅस्टिकची केस दबून एखादा मिलिमीटर मिळतो. ७५० मिलिमीटर भागिले १, म्हणजे सरासरी ७५० जी आणि कमाल १५०० च्या घरात. मर्यादा ओलांडली. तीच डिस्क अशा फोमच्या पाउचमध्ये असेल जो आपटताना २० मिलिमीटर दबतो, तर सरासरी ३७ आणि कमाल ७५. तितक्या हादऱ्याने पार्क केलेल्या डिस्कला काहीही होत नाही.

फोम किती *जाड* आहे यापेक्षा तो किती *दबतो* हे बघायचं. सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या अडीच इंची डिस्कला कडक फोम काही कामाचा नाही, ती त्याला दाबूच शकत नाही. उलट सहाशे-सातशे ग्रॅमची साडेतीन इंची डिस्क फार मऊ स्पंजला पार तळापर्यंत दाबून टाकते आणि शेवटी जमिनीवरच आदळते. थर्मोकोल एकदा चिरडला की परत फुगत नाही, म्हणून दुसऱ्या आपटण्याला तो निरुपयोगी.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. साडेतीन इंची एक्स्टर्नल डिस्क लोक टेबलावर *उभी* ठेवतात. धक्का लागून ती आडवी झाली तर पातळ उभ्या वस्तूच्या हिशेबाने तिचं वरचं टोक उंचीच्या दीडपटीवरून पडल्याच्या वेगाने आदळतं. १८ सेंटिमीटरची केस असेल तर वरचं टोक २७ सेंटिमीटरवरून पडल्यासारखं. लाकडी टेबलावर दोन मिलिमीटर दबलं धरलं तरी सरासरी १३५ जी. आणि त्या वेळी ती *चालू* असते, म्हणजे मर्यादा ७०-८०. आडवी ठेवा. उभ्या डॉकमध्ये उघडी डिस्क खोचून कॉपी करणाऱ्यांनी तर डॉक भिंतीकडे सरकवून केबल मागून घ्यावी, पायाजवळून नको.

सानपाडा१९

समजलं. लॅपटॉपमध्ये पडताना हेड आपोआप पार्क करणारा सेन्सर असतो ना?

पारसिक

असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आयबीएमने २००३ साली थिंकपॅडमध्ये आणि ॲपलने २००५ साली पॉवरबुकमध्ये तो दिला. पुढे काही डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावरही आला.

मर्यादा तीन. पहिली वेळेची. ७५ सेंटिमीटर पडायला सेकंदाचे चार दशांश लागतात, १५ सेंटिमीटरला दोन दशांशही नाहीत. सेन्सरने पडणं ओळखायचं, आज्ञा पाठवायची, मग हेडने रॅम्पवर जायचं, यात काही वेळ जातोच. कमी उंचीवरून पडलं तर तो उशिरा पोचतो. दुसरी, सेन्सर मुक्तपणे पडण्यातली वजनहीन अवस्था ओळखतो. उपवन यांनी सांगितलेलं आडवं होणं ही ती अवस्थाच नव्हे, कारण खालची कड टेबलावर टेकलेली असते. तिसरी, लॅपटॉपच्या बोर्डावरचा सेन्सर ड्रायव्हरशिवाय मुका. विंडोज नव्याने टाकताना दुकानदार हा ड्रायव्हर बहुधा टाकत नाहीत. लिनक्सवर एचडीएपीएसडी नावाची सेवा लागते, ती कर्नलच्या अनलोड-हेड्स या सोयीतून काम करते.

ठाणे स्टेशनला लोकलमध्ये शिरताना किंवा घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून बाइकवर जाताना हार्ड डिस्कचा लॅपटॉप स्लीपवर ठेवून बॅगेत टाकू नका. स्लीपमधून तो स्वतःहून जागा होऊ शकतो आणि मग गर्दीत चेपलेल्या बॅगेत प्लॅटर फिरत राहतात. हायबरनेट किंवा शटडाउन, आणि पंखा थांबल्यावरच बॅगेत.

बेलापट्टी

सोसायट्यांच्या डीव्हीआरबद्दल लिहितो, कारण तिथे डिस्क चोवीस तास लिहीत असते आणि बसवणी मात्र सगळ्यात वाईट असते.

एक, स्क्रू. साडेतीन इंची डिस्कला सहा-बत्तीस आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंचीला एम-थ्री. एम-थ्रीचा व्यास ३ मिलिमीटर आणि सहा-बत्तीसचा साडेतीन, म्हणून एम-थ्री मोठ्या डिस्कच्या भोकात आरामात जातो, पण धरत नाही. डीव्हीआर उघडला की पुष्कळदा दोनच स्क्रू असतात आणि तेही असे डुगडुगणारे. चारही लावा, योग्य लावा, हाताने घट्ट होतील एवढेच पिळा. स्क्रू लांब असेल तर आत टोचतो, तेव्हा डिस्कबरोबर किंवा डीव्हीआरच्या पाकिटात आलेलेच वापरा.

दोन, जागा. गेटच्या केबिनमध्ये ज्या भिंतीला लोखंडी दार दिवसभर धडाधड आपटतं त्याच भिंतीवर डीव्हीआरचा ब्रॅकेट ठोकलेला असतो. लिफ्टची मशिन रूम आणि पंपाची खोली त्याहून वाईट. सोसायटीचं ऑफिस किंवा जिन्याखालची आतली भिंत बरी. केबिनच हवी असेल तर दाराला रबरी स्टॉपर लावा, फार फार तर शंभर-दोनशे रुपयांचं काम.

तीन, वीज. वीज गेली की फिरता प्लॅटर स्वतः जनित्र होतो आणि त्या उरलेल्या विजेवर डिस्क हेड कसंबसं रॅम्पवर ढकलते. हे आणीबाणीचं पार्किंग. हेड नेहमीच्या आवरलेल्या वेगाने न जाता आदळत जातं, म्हणून कंपन्या त्याची मर्यादा नेहमीच्या पार्किंगपेक्षा खूप कमी देतात. पावसाळ्यात दिवसातून चार-पाचदा झटके देऊन वीज गेली तर तेवढ्यांदा हा प्रकार होतो. डीव्हीआर आणि राउटर एवढ्यापुरता ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएस त्यावर टाकलात तर बॅटरी लवकर संपेल, तो हिशेब आधी करा. वॉचमनला सांगून ठेवा: डीव्हीआर अडकला तर स्विच खटाखट चालू-बंद करायचा नाही. आधी मेनूतून शटडाउन, नंतर स्विच, आणि पुन्हा चालू करण्याआधी निदान अर्धा मिनिट थांबणं.

कोलशेत

यूपीएसबद्दल अनुमोदन. पण डिस्कखाली फोम किंवा स्पंजची पट्टी लावणं कसं? काही इन्स्टॉलर लावतात.

बेलापट्टी

नको. प्रवासातला फोम वेगळा आणि चालू डिस्कचा आधार वेगळा. हेडचा हात झटक्याने एका बाजूला गेला की डिस्कचा सांगाडा उलट्या बाजूला वळू बघतो. घट्ट बसवलेली डिस्क वळत नाही, मऊ स्पंजवरची वळते, मग हेड ट्रॅकवरून (ज्या गोल रेषेत डेटा लिहिलेला असतो तीवरून) सरकतं आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसतं. शिवाय उष्णता कोंडते. चांगल्या कॅबिनेटमधल्या कडक रबरी वॉशर हा मधला मार्ग. तशा वॉशर नसतील तर सरळ पत्र्याला कसून टाका.

खारघर_टेकडी

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण चर्चेत त्या मिसळताहेत. हादऱ्याने हेड *वर-खाली* होऊन प्लॅटरला लागतं. कंपनाने ते *आडवं* सरकून ट्रॅक चुकतं. दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा घासणं होत नाही, डिस्क फक्त मंद होते. २००८ साली सन मायक्रोसिस्टम्सच्या ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कच्या रॅकसमोर नुसतं ओरडून दाखवलं होतं, आणि आलेखात प्रतिसादाचा वेळ एकदम उसळला होता.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरवाल्यांना याचं गंभीर रूप ठाऊक असेल. आग विझवणारा निष्क्रिय वायू मोठ्या दाबाने नोझलमधून सुटतो, त्या शिट्टीच्या आवाजाने डिस्क बंद पडू शकतात. २०१६ साली बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये वायूच्या चाचणीतच असं झालं आणि सेवा काही तास ठप्प झाली. उपाय म्हणजे सायलेन्सरची नोझल, नोझलचं तोंड रॅककडे नसणं, आणि चाचणीआधी डिस्कवरचं काम दुसरीकडे वळवून त्या थांबवणं.

सानपाडा१९

मग गणपतीत डीव्हीआरच्या केबिनशेजारी स्पीकरची भिंत उभी राहते, त्याचं काय?

खारघर_टेकडी

बास जोरात असेल आणि डीव्हीआर पत्र्याच्या केबिनमध्ये असेल तर रेकॉर्डिंगमध्ये तुकडे गळू शकतात. स्पीकर केबिनपासून दूर, आणि निदान एकाच लोखंडी सांगाड्यावर दोन्ही नकोत. मंडपाची रचना ठरवताना सांगितलं तर होण्यासारखं आहे. आणि नेमक्या त्या दिवसांतलंच फुटेज पोलिसांना लागण्याची शक्यता जास्त असते.

पारसिक

आता आकडे कसे वाचायचे ते लिहितो. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मूळ आकडे सोळाच्या पायात दिसतात आणि लोक घाबरतात. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दशमान निवडा.

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, आणि त्या इथे क्रमांकाने दिसतात. १९१ म्हणजे बसलेल्या हादऱ्यांची नोंद. सगळ्या डिस्क देत नाहीत आणि मोजण्याची रीतही सारखी नाही, म्हणून आकड्यापेक्षा वाढ बघा. १९२ म्हणजे वीज तोडल्यामुळे झालेली आणीबाणीची पार्किंग. पोर्टेबल डिस्कवर हा आकडा चालू-बंदच्या एकूण आकड्याच्या (क्रमांक १२) जवळ असेल तर कुणीतरी दर वेळी केबल ओढतंय. १९३ म्हणजे हेड एकूण किती वेळा रॅम्पवर गेलं-आलं. ५ (बदललेले खराब भाग) आणि १९७ (संशयित भाग) मध्ये शून्याहून जास्त आकडा, आणि तोही पडल्यानंतर वाढणारा, म्हणजे घासणं सुरू झालेलं असू शकतं. त्या दिवशीच बॅकअप.

१९३ बद्दल थोडं सविस्तर. साडेतीन इंची डिस्कला साधारण ३ लाख, लॅपटॉपच्या डिस्कला ६ लाख अशी मर्यादा दिलेली असते. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या ग्रीन डिस्क ८ सेकंद काम नसलं की हेड पार्क करायच्या. नॅस किंवा लिनक्सवर दर ३० सेकंदांनी एखादी नोंद लिहिली जात असेल तर दिवसाला २८८० फेऱ्या, म्हणजे साडेतीन महिन्यांत ३ लाख पार. एका जागी स्थिर असलेल्या डिस्कला एवढ्या पार्किंगची गरजच नाही. लिनक्सवरच्या एचडीपार्म साधनाने एपीएमची (वीज बचतीच्या सेटिंगची) पातळी २५४ करा. ग्रीनसाठी आयडल-थ्री नावाचं वेगळं साधन आहे, कारण ती एपीएम जुमानत नाही. लॅपटॉपमध्ये मात्र लवकर पार्क होणं हेच संरक्षण आहे, तिथे १२८ ची पातळी तशीच राहू द्या. एकच सेटिंग सगळीकडे लावायचं नाही.

कोलशेत

दमट हवेचाही मुद्दा घ्या. एसी ऑफिसातून डिस्क बाहेर काढली की तिच्यावर चक्क दव धरतं.

पारसिक

बरोबर. जुलैत बाहेर २९-३० अंश आणि आर्द्रता नव्वदच्या आसपास असली तर दवबिंदू २७-२८ अंशांवर असतो. २२ अंशांच्या खोलीतून निघालेली डिस्क त्याहून थंड, म्हणून पाणी धरणारच. डिस्कच्या झाकणावर दाब समान ठेवायला बारीक छिद्र असतं (ते टेपने बुजवू नका), त्यातून आत दमट हवा जाते. एसी खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर दोन-तीन तास पिशवी उघडू नका, मगच जोडा.

आणि लेह-लडाखला फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी: बहुतेक हार्ड डिस्क सुमारे ३०४८ मीटरपर्यंतच चालवण्यासाठी असतात. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. हवा विरळ झाली की हेड खाली बसतं. तिथे रोजची कॉपी एसएसडीवर करा, हार्ड डिस्क बंद अवस्थेत न्यायला हरकत नाही.

मिठबंदर

डिस्क पडल्यावर काय करायचं ते लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत होतं.

चालू असताना पडली असेल तर ताबडतोब वीज तोडा. इथे इजेक्टची वाट बघू नका. बंद असताना पडली आणि डेटाची दुसरी प्रत नाही, तर "चालते का बघू" म्हणून जोडू नका. वाकलेलं हेड फिरत्या प्लॅटरवर गेलं की गोल चरा पडतो, आणि त्या पट्ट्यातला डेटा कुणीही परत आणू शकत नाही.

डेटा तितका मोलाचा नसेल तर जोडा आणि *ऐका*. सलग मऊ घरघर म्हणजे ठीक. ठरावीक लयीत टकटक म्हणजे हेडला ट्रॅक सापडत नाहीये, लगेच बंद. बारीक टीं-टीं आणि प्लॅटर फिरतच नाही, म्हणजे बहुधा हेड प्लॅटरला चिकटलंय. हलवून, झटकून सोडवू नका, त्याने हेड उपटून निघतं. सर्रकन खरवडल्यासारखा आवाज आला तर तिथेच थांबा.

आवाज ठीक असला तरी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) चालवू नका. ते सबंध डिस्कभर हेड फिरवू शकतं आणि दुरुस्ती करताना वर लिहितंही. आधी सर्वात गरजेचे फोल्डर कॉपी करा. वाचताना अडखळत असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यूने, नोंदीच्या फाइलसह, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर प्रतिमा (सबंध डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या. पहिल्या फेरीत खराब भाग खरवडायचा नाही असा पर्याय द्या, सोपं आधी बाहेर येऊ दे. अवघड भागाला नंतर दोन-तीन प्रयत्न, तेही हेड तोवर जिवंत असेल तर.

बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजूनही फिरतो. आत दव धरून प्लॅटर आणि हेड दोन्ही खराब होतात. झाकणही घरी उघडू नका. हेड बदलण्याचं काम आयएसओ ५ दर्जाच्या स्वच्छ हवेत होतं, त्याच मॉडेलची, जुळत्या हेडची दुसरी डिस्क घेऊन, हेड एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांच्यात कंगवे घालून. डेटा काढून देणाऱ्याला विचारा: स्वच्छ हवेचं टेबल तुमच्याकडेच आहे की डिस्क पुढे पाठवता? दाता डिस्कचे (जिचं हेड वापरणार तिचे) पैसे वेगळे का? डेटा नाही निघाला तर किती घेता? अंदाज लेखी मिळेपर्यंत उघडायची नाही, हे आधीच सांगा. एकदा चुकीच्या जागी उघडलेली डिस्क पुढच्या माणसाचं काम दुपटीने अवघड करते.

कुरियरने पाठवायची तर अँटिस्टॅटिक पिशवी, सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर दबणारा फोम, मग खोकं. खोकं हलवून बघा, आत काही सरकलं तर पुन्हा भरा. वर्तमानपत्राचे बोळे प्रवासात चेपून जातात.

सानपाडा१९

टकटक आली म्हणजे हेड गेलंच, असं समजायचं का?

बेलापट्टी

नाही. साडेतीन इंची डिस्कला फिरायला लागताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. अडॅप्टर थकला असेल तर प्लॅटर पूर्ण वेग पकडत नाही, हेड परत पार्क होतं, पुन्हा प्रयत्न, आणि टकटक ऐकू येते. अडीच इंची डिस्क लांब स्वस्त केबलने टीव्हीच्या किंवा राउटरच्या यूएसबीला लावली तरी हेच होतं. जुना यूएसबी-टू पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी-थ्री ९००.

मात्र हा तपास न पडलेल्या डिस्कसाठीच. पडलेली असेल तर मिठबंदर यांनी सांगितलं तेच. न पडलेली असेल तर वीज काढा, १२ व्होल्ट, निदान २ अँपिअरचा दुसरा चांगला अडॅप्टर घ्या, प्लगची मापं आणि मधली पिन प्लस आहे ना ते लेबलवर जुळवा, आणि एकदाच लावून बघा. पोर्टेबल असेल तर आखूड केबल आणि डेस्कटॉपचा मागचा पोर्ट. तरीही टकटक आली तर दुसऱ्यांदा जोडू नका.